मायनर लीग हॉकीचा संघ दुसऱ्या शहरात नेताना पैशाचं गणित कसं असतं?

प्रश्न असा आहे: "आम्ही अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका मध्यम शहरात राहतो. इथला आइस हॉकीचा मायनर लीग संघ पुढच्या मोसमात दुसरीकडे जाणार अशी चर्चा आहे. मॅचला गर्दी तर बरी असते, मग मालकाला परवडत नाही म्हणजे नेमकं काय? संघ हलवायला खर्च किती येतो, पैसा कोणाला मिळतो, आणि शहराला हे थांबवता येतं का?"

मायनर लीग म्हणजे सर्वोच्च लीगच्या खालच्या पातळीची व्यावसायिक लीग. आधी एक गैरसमज दूर करू. बिऱ्हाड हलवावं तसा संघ हलत नाही. हलतं ते फक्त लीगचं सदस्यत्व, म्हणजे त्या लीगमध्ये एक संघ उतरवण्याचा हक्क. खेळाडू बरेचसे एका मोसमाच्या करारावर असतात किंवा वरच्या लीगमधल्या मूळ क्लबच्या मालकीचे असतात. सीझन तिकीटवाले (अख्ख्या मोसमाचं तिकीट आधीच घेणारे) जुन्या शहरात राहतात, प्रायोजक तिथेच राहतात. तिकीट विकणारी माणसं आणि दर शनिवारी त्याच खुर्चीवर बसणारी आजीही मागेच राहते. नव्या शहरात पहिल्या दिवशी मालकाच्या हाती असतं एक कागद, एक भाडेकरार आणि काही ट्रंका. त्यामुळे स्थलांतराचा खर्च मोजताना ट्रकचं भाडं मोजून काही कळत नाही. एक चालू धंदा बंद करून दुसरा शून्यातून उभा करायला काय लागेल, ते मोजावं लागतं.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण फुटबॉलमध्ये आहे. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत येणारा प्रेक्षक काही त्या जागेबरोबर हैदराबादला गेला नाही.

आता रचना समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सर्वांत वर नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. तिच्याखाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. इथे आता ३२ संघ आहेत आणि एनएचएलच्या प्रत्येक क्लबमागे एक असं गणित आहे. तिच्याखाली ईसीएचएल. एएचएलमधल्या महत्त्वाच्या खेळाडूंचे करार एनएचएल क्लबशी असतात आणि त्यांचा पगारही तोच क्लब देतो. एएचएल संघ स्थानिक मालकाचा असेल तर तो वरच्या क्लबला संलग्नतेचं शुल्क देतो. त्या बदल्यात खेळाडू आणि प्रशिक्षक वरून येतात, आणि तिकिटं, जाहिराती, हॉल ही बाजू तो सांभाळतो. ईसीएचएलमध्ये मात्र बहुतेक खेळाडूंचा पगार स्थानिक मालकाच्या खिशातून जातो, आणि मोसमात त्यांच्या राहण्याची सोयही त्यालाच करावी लागते.

म्हणून स्थलांतरं दोन जातींची असतात, आणि त्यांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत. एका जातीत वरचा क्लब आपले तरुण खेळाडू जवळ हवेत म्हणून संघ उचलतो. दुसऱ्या जातीत स्थानिक मालकाची तोंडमिळवणी होत नाही. तुमच्या शहरात यापैकी कोणती गोष्ट चालू आहे, हे सर्वांत आधी शोधा. पहिली असेल तर प्रत्येक मॅचला हॉल भरूनही उपयोग नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २०१५ चा आहे. त्या वर्षी जानेवारीत एएचएलने कॅलिफोर्नियात पाच संघ नेण्याचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसचा, म्हणजे तिथल्या एनएचएल क्लबचा एएचएल संघ मँचेस्टर, न्यू हॅम्पशायरहून ऑंटारियोला गेला (हे कॅलिफोर्नियातलं शहर, कॅनडाचा प्रांत नव्हे). अ‍ॅनाहाइमचा नॉर्फोकहून सॅन डिएगोला, सॅन होजेचा वूस्टरहून थेट सॅन होजेला, कॅलगरीचा ग्लेन्स फॉल्सहून स्टॉकटनला आणि एडमंटनचा ओक्लाहोमा सिटीहून बेकर्सफील्डला. त्यातल्या मँचेस्टर मोनार्क्सने निघून जाण्याची घोषणा झाल्यानंतर, त्याच वसंतात, एएचएलचा काल्डर कप जिंकला. लीगचा विजेता संघ विजेतेपदासह शहर सोडून गेला. मैदानावरच्या यशाचा या निर्णयाशी किती कमी संबंध असतो, ते यावरून दिसतं.

वरच्या क्लबचा हिशेब असा असतो. लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी मॅच आहे आणि सकाळी सरावात एक बचावपटू जखमी झाला. बदली खेळाडू मँचेस्टरला असेल तर तो चार हजार किलोमीटरवर आणि तीन टाइमझोन पलीकडे. विमान मिळालं तरी तो थकलेला पोचतो, आणि बऱ्याचदा पोचतच नाही. ऑंटारियो तासाभराच्या अंतरावर आहे. तिथला खेळाडू दुपारी गाडीने निघून संध्याकाळी बर्फावर उतरतो. शिवाय क्लबच्या व्यवस्थापकाला, डॉक्टरांना, कौशल्य-प्रशिक्षकांना हाताखालचा खेळाडू रोज बघता येतो. कॅलिफोर्नियातल्या संघांसाठी तेव्हा ६८ सामन्यांचा मोसम ठरला, बाकीचे ७६ खेळत होते, आणि गुणतक्त्यात टक्केवारी लावावी लागली. कमी सामने म्हणजे कमी तिकीटविक्री. तरीही वरच्या क्लबांना ते हवं होतं, कारण त्यांना सरावाचे दिवस वाढवायचे होते. ज्याच्यासाठी संघ हा खेळाडू घडवण्याचा कारखाना आहे, त्याच्या लेखी तिकिटाचा गल्ला दुय्यम. पुढे २०२२-२३ पासून सगळ्यांचे सामने ७२ झाले.

पैसा कोणाला मिळतो, याचंही उत्तर इथेच आहे. एएचएलची सदस्यत्वं मोजकी. एनएचएल क्लबला स्वतःचा संघ जवळ हवा असेल तर कोणाकडून तरी सदस्यत्व विकतच घ्यावं लागतं. अ‍ॅनाहाइमने नॉर्फोकचं घेतलं, अ‍ॅरिझोनाने २०१६ मध्ये स्प्रिंगफील्डचं घेऊन टूसॉनला नेलं, व्हेगासने २०२० मध्ये सॅन अँटोनियोचं घेऊन हेंडरसनला नेलं. स्थानिक मालकाची खरी कमाई वर्षाच्या ताळेबंदात क्वचितच असते. ती असते या विक्रीत. दहा वर्षं जेमतेम बरोबरीत चाललेला संघ विकताना एकरकमी पैसा हातात येतो. तुमच्या मालकाने "परवडत नाही" म्हटलं तर ते खोटं असेलच असं नाही, पण "गिऱ्हाईक चालून आलंय" हा वाक्याचा दुसरा भाग बऱ्याचदा न बोललेला असतो.

आता दुसऱ्या जातीकडे, म्हणजे खरोखर न परवडण्याकडे. गर्दी बरी दिसते ना? त्यात तीन वेगळे आकडे लपलेले असतात. जाहीर होणारा आकडा म्हणजे वाटलेली तिकिटं, त्यात शाळांना आणि प्रायोजकांना दिलेली फुकट तिकिटंही आली. दुसरा आकडा पैसे देऊन घेतलेल्या तिकिटांचा. तिसरा दारावर स्कॅन झालेल्या डोक्यांचा. तिकिटाचं उत्पन्न दुसऱ्यावर ठरतं, खाण्यापिण्याचं आणि पार्किंगचं तिसऱ्यावर. वर्तमानपत्रात मात्र पहिला छापतात.

समजण्यासाठी ईसीएचएलच्या पातळीचा एक काल्पनिक संघ धरू. आकडे मांडणी दाखवायला घेतले आहेत, कोणा एका संघाचे नाहीत. घरच्या मैदानावर ३६ रात्री. जाहीर सरासरी ४,५००, पैसे देणारे ३,२००, प्रत्यक्ष आलेले ३,०००. कर आणि तिकीट कंपनीचं शुल्क वजा जाऊन तिकिटामागे १७ डॉलर उरले, तर मोसमाचे सुमारे १९ लाख ५८ हजार डॉलर. आलेला माणूस सरासरी ११ डॉलर खाण्यापिण्यावर खर्च करतो आणि संघाला त्यातले ३५ टक्के मिळतात असं धरलं, तर सुमारे ४ लाख १६ हजार. प्रायोजक ९ लाख, टीशर्ट-टोप्यांतून निव्वळ १ लाख. एकूण जवळजवळ ३३ लाख ७४ हजार.

खर्चाची बाजू: कार्यालयातली वीसेक माणसं १० लाख, खेळाडूंचे पगार २६ आठवड्यांचे आठवड्याला १५ हजारांप्रमाणे ३ लाख ९० हजार, बस-हॉटेल-भत्ता साडेतीन लाख, खेळाडूंचा अपघात आणि आरोग्य विमा साडेतीन लाख, जाहिरात ३ लाख, हॉलचं भाडं रात्रीला ६ हजारांप्रमाणे २ लाख १६ हजार, दारावरची आणि सुरक्षेची माणसं रात्रीला ५ हजारांप्रमाणे १ लाख ८० हजार. काठ्या, स्केट्स आणि बाकी साहित्य दीड लाख, लीगची वर्गणी आणि पंच दीड लाख. दोघांत एक अशी ११ घरं सात महिन्यांसाठी, महिना दीड हजाराने १ लाख १५ हजार ५००. बेरीज ३२ लाखांच्या किंचित वर. हातात उरले पावणेदोन लाखांच्या आतबाहेर.

आता रात्रीला पैसे देणारे फक्त ३०० लोक कमी करा. तिकिटाचे १ लाख ८३ हजार ६०० गेले, खाण्यापिण्यातले जवळजवळ ४२ हजार गेले. नफ्याचा संघ पन्नासेक हजारांच्या तोट्यात आला. साडेचार हजारांच्या गर्दीत तीनशे माणसं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तुम्हाला गर्दी बरी वाटते आणि मालकाला रात्री झोप लागत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या हिशेबात मालकाच्या हातात नसलेल्या दोनच मोठ्या गोष्टी आहेत: भाडेकरार आणि शेजारी. स्थलांतराची मुळं बहुतेक वेळा यांपैकी एकीत सापडतात.

भाडेकरार म्हणजे नुसतं रात्रीचं भाडं नव्हे. बिअरचा वाटा कोणाचा, पार्किंगचं काय, बोर्डांवरच्या (मैदानाभोवतीच्या कठड्यांवरच्या) आणि बर्फाखालच्या जाहिरातींचे पैसे कोणाचे, हॉलच्या नावाचे हक्क कोणाकडे, तिकिटावरचं सुविधाशुल्क कोण घेतो, सरावाचा बर्फ फुकट की तासाने, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या तारखा किती. मंगळवारच्या रात्रीचा खर्च शनिवारइतकाच असतो, गल्ला बराच कमी. ३६ सामन्यांसाठी लीगच्या वेळापत्रकवाल्यांपुढे किमान पन्नासेक मोकळ्या तारखा ठेवता आल्या पाहिजेत. हॉलवाल्याने चांगले शनिवार मैफलींना आणि ट्रक-शोला दिले, तर संघाचं वर्ष तिथेच बिघडतं.

मेन राज्यातलं पोर्टलंड हे याचं ठसठशीत उदाहरण. तिथला हॉल ३ कोटी ३० लाख डॉलरच्या रोख्यांतून नवा केला जात होता, आणि त्याच वेळी पोर्टलंड पायरेट्स आणि हॉलचं विश्वस्त मंडळ यांचं भाडेकरारावरून बिनसलं. वादाच्या केंद्रस्थानी खाद्यपेयांच्या, विशेषतः मद्याच्या उत्पन्नाचा वाटा होता. संघाने २०१३-१४ चा अख्खा मोसम जवळच्या लुइस्टनमध्ये काढला, जिथला हॉल त्याहून लहान आणि जुना. नवा केलेला हॉल आपल्या मुख्य भाडेकरूवाचून राहिला. पुढे तडजोड झाली, संघ परतला, पण वर्षभर तुटलेली सवय परत जोडणं अवघड असतं. २०१६ मध्ये पायरेट्स विकले गेले आणि स्प्रिंगफील्डला गेले.

शेजाऱ्यांचं गणित लोक नेहमी विसरतात. मायनर लीग हा बसचा खेळ आहे. बसने रात्रीत घरी परतता येईल असे पाच-सहा प्रतिस्पर्धी असले की हॉटेल वाचतं, दुसऱ्या दिवशी घरी मॅच लावता येते, आणि प्रतिस्पर्ध्याचे पाठीराखेही गाडी काढून येतात. विमान लागलं की पंचवीस-तीस माणसांची तिकिटं आणि त्यावर साहित्याच्या अवजड पिशव्यांचं भाडं. दूर एकट्या पडलेल्या संघाकडे यायला बाकीचे संघ कुरकुरतात, आणि मग पाहुण्यांच्या प्रवासखर्चातला वाटाही यजमानाने उचलावा अशी अट पुढे येते. तुमच्या शहराचं आकर्षण काहीही असो, नकाशावर तुमच्याभोवती कोण आहे, ते तुमच्या हाती नाही. आणि शेजारी उठून गेला तर तुमचा खर्च तुम्ही काही न करता वाढतो.

२०१५ च्या त्या अदलाबदलीचा हाच परिणाम अलास्कात झाला. एएचएलचे संघ कॅलिफोर्नियात आले तशी तिथली तीन ईसीएचएल सदस्यत्वं पूर्वेकडे पाठवली गेली: बेकर्सफील्डचं नॉर्फोकला, स्टॉकटनचं ग्लेन्स फॉल्सला, ऑंटारियोचं मँचेस्टरला. अँकरेजच्या अलास्का एसेससाठी पश्चिमेतले तीन प्रतिस्पर्धी एका उन्हाळ्यात नाहीसे झाले. भरीला तेलाचे भाव पडून राज्याची अर्थव्यवस्था मंदावली, तिकिटं खपेनात. २०१७ मध्ये एसेस थांबले. त्यांचं सदस्यत्व विकत घेऊन पोर्टलंडला नेलं गेलं, आणि २०१८ पासून तिथे मेन मॅरिनर्स खेळू लागले. म्हणजे अ‍ॅरिझोनाने स्प्रिंगफील्डचा संघ उचलला, स्प्रिंगफील्डने पोर्टलंडचा आणला, आणि पोर्टलंडची रिकामी खुर्ची अलास्काच्या सदस्यत्वाने भरली. संगीतखुर्चीत एक जण उठला की सगळी रांग हलते, तसं. त्यामुळे तुमच्या शहराची बातमी वाचताना लीगमध्ये आणखी कुठे काय हलतंय ते बघा. मूळ कारण दोन हजार किलोमीटरवर असू शकतं.

आता शहराच्या तिजोरीकडे येऊ, कारण इथे सामान्य करदात्याचा पैसा जातो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अ‍ॅबट्सफर्डची गोष्ट प्रत्येक नगरसेवकाने करार करण्याआधी वाचावी. व्हँकुव्हरपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या या शहराने २००९ मध्ये सात हजारांच्या आसपास क्षमतेचा नवा हॉल बांधला. तो चालवायला भाडेकरू हवा होता. कॅलगरीचा एएचएल संघ इलिनॉयमधल्या क्वाड सिटीजमधून तिथे आणला गेला, दहा वर्षांच्या करारावर. करारात शहराने संघाला वर्षाला ५७ लाख डॉलर उत्पन्नाची हमी दिली. कमी पडेल तितकं शहराने भरायचं.

चूक दोन ठिकाणी होती, आणि दोन्ही कागदावर दिसत होत्या. तिथला हॉकीवेडा माणूस व्हँकुव्हर कनक्सचा आणि कॅलगरी फ्लेम्स त्याचा प्रतिस्पर्धी. स्वतःच्या गावात शत्रूचे तरुण खेळाडू वाढताना बघायला तो तिकीट काढेल, असं गृहीत धरलं गेलं. दुसरं, तेव्हा एएचएलचा एकही दुसरा संघ पश्चिम किनाऱ्यावर नव्हता. जवळचा प्रतिस्पर्धी दीड हजार किलोमीटरहून लांब. प्रवासाने खर्च फुगलेला, आणि गावाला ओळखीचा वाटेल असा एकही शेजारी नाही. हमी अशी बांधलेली की पडझडीचा सगळा धोका शहराकडे आणि बचत करण्याची घाई कोणालाच नाही. शहर दर वर्षी तूट भरत राहिलं, आणि शेवटी २०१४ मध्ये करार अर्ध्यावर सोडवून घेण्यासाठी त्याने आणखी ५५ लाख डॉलर मोजले. संघ ग्लेन्स फॉल्सला गेला, तिथे एकच मोसम राहून स्टॉकटनला, आणि २०२२ मध्ये खुद्द कॅलगरीला. अ‍ॅबट्सफर्डच्या त्याच हॉलमध्ये २०२१ पासून व्हँकुव्हरचा संघ खेळतो. हॉल तोच, शहर तेच. प्रेक्षकाच्या मनातला संघ आणि शेजारी मात्र बदलले.

प्रत्यक्ष हलवण्याचा खर्च विचारला होता, तो थोडक्यात. सामान एक-दोन मोठ्या ट्रकांत मावतं: स्केट्सना धार लावायची यंत्रं, काठ्यांचा साठा, गोलरक्षकांची पॅडं, कपडे धुण्याची आणि वाळवण्याची मोठी यंत्रं, व्यायामाचं साहित्य, व्हिडिओ कॅमेरे. ही रक्कम एकूण हिशेबात किरकोळ. खरे पैसे चार ठिकाणी जातात. लीगचं स्थलांतर-शुल्क आणि मंजुरीची कायदेशीर कामं. जुना भाडेकरार आणि प्रायोजकांचे करार मोडण्याची भरपाई. नवं नाव, बोधचिन्ह, त्यांची नोंदणी, जर्सीचे संच आणि दुकानातला माल. ही मागणी कित्येक महिने आधी द्यावी लागते. आणि चौथं, सगळ्यांत मोठं: पहिलं तिकीट विकलं जाण्याआधी सहा-आठ महिने तिकीट विक्रेत्यांचा ताफा पोसणं. या चौथ्या खर्चावर कंजुषी केली की पहिल्याच मोसमात जी घसरण लागते ती सावरत नाही, कारण सीझन तिकीट फोनवर आणि चहाच्या टेबलावर विकलं जातं, फलकावर नाही.

नव्या हॉलमध्ये बर्फाची सोय नसेल तर आकडे एकदम वेगळ्या रांगेत जातात. बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. काँक्रीटच्या तळात नळ्यांचं जाळं, त्यातून थंड केलेलं मिठाचं किंवा ग्लायकॉलचं पाणी फिरतं, वर इंच-सव्वा इंचाचा बर्फ. मध्यंतरात बर्फ वेळेत नीट व्हावा म्हणून दोन झॅम्बोनी (बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाड्या) लागतात. भोवती बोर्ड, त्यावर पारदर्शक पडदे, प्रेक्षकांच्या सुरक्षेसाठी जाळ्या, आणि बास्केटबॉल किंवा मैफलीसाठी बर्फावर टाकायचं उष्णतारोधक तळ. जुना हॉल बघायला जाल तेव्हा शीतयंत्राच्या खोलीत आधी जा आणि त्यात कोणता वायू आहे ते विचारा. आर-२२ असेल तर सावध. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. गळती झाली की भरायला लागणारा जुना साठा महाग पडतो आणि अख्खं यंत्र बदलण्याची वेळ कधीही येऊ शकते. ते बदलण्याचा खर्च कोणाचा, हे भाडेकरारात शब्दाशब्दाने लिहिलेलं हवं.

वेळापत्रकही महत्त्वाचं. मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. नव्या शहराशी मसुदा आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, लीगच्या संचालक मंडळापुढे अर्ज हिवाळ्यात, घोषणा जानेवारी-फेब्रुवारीत, लगेच सीझन तिकिटांच्या ठेवी. मे-जूनमध्ये घोषणा झाली की निम्मी विक्री हातची गेलेली असते. उलट फार लवकर घोषणा केली तर जुन्या शहरात उरलेला मोसम ओस पडतो आणि प्रायोजक पैसे अडवतात.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर कोणी भुलू नये. नवलाई असते, हॉल नवा असतो, उद्घाटनाला महापौर असतात. तिसऱ्या वर्षी सीझन तिकिटांचं नूतनीकरण किती झालं, त्यावर संघ टिकेल की नाही ते कळतं. मँचेस्टरचंच बघा: एएचएलचा विजेता संघ गेला, त्याच नावाचा ईसीएचएल संघ आला, हॉल तोच, दहा हजारांच्या आसपास क्षमतेचा. खालच्या पातळीची लीग, त्यात मोठ्या हॉलचं भाडं आणि रिकाम्या खुर्च्यांचा विरस. चार मोसमांनी, २०१९ मध्ये, तो बंद झाला. पुरेसा मोठा हॉल मिळाला म्हणून लोक खूश होतात. मला साडेचार हजारांचा भरलेला हॉल दहा हजारांच्या अर्ध्या रिकाम्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो. तिकीट संपेल अशी भीती असली तरच लोक आधी तिकीट घेतात.

शहराला थांबवता येतं का? वरच्या क्लबने ठरवलं असेल तर सहसा नाही, पण जाण्याची किंमत ठरवता येते, आणि ती करार करतानाच. स्थलांतरबंदीचं कलम नुसतं लिहून भागत नाही. मोडल्यास नेमकी किती भरपाई, आणि ती दर वर्षी किती उतरत जाईल, याचं कोष्टक जोडलेलं हवं. हमी द्यायचीच असेल तर तिला वार्षिक कमाल मर्यादा हवी आणि हिशेब तपासण्याचा हक्क हवा, दारावरच्या स्कॅनच्या आकड्यासकट. सूचनेची शेवटची तारीख हवी, उदाहरणार्थ १५ डिसेंबर, म्हणजे बदली संघ शोधायला वेळ राहतो. पुढच्या मोसमाच्या सीझन तिकिटांचे पैसे वेगळ्या राखीव खात्यात राहतील अशी अट घाला. संघ निघून गेला किंवा बुडाला तर परताव्यासाठी लोकांना दारोदार फिरावं लागू नये. तुमचा प्रश्न वाचून मला सर्वांत जास्त काळजी याच कलमाची वाटली, कारण चर्चा चालू असतानाही पुढच्या वर्षीचं तिकीट लोक विश्वासाने घेतात. ठेव भरण्याआधी संघाच्या कार्यालयाला परताव्याची हमी लेखी मागा.

संघ गेलाच तर रिकामी जागा किती लवकर भरते, ते स्थानिक मालक उभे राहतात का यावर आहे. स्प्रिंगफील्डमध्ये एएचएलचं मुख्यालय आहे. २०१६ च्या वसंतात संघ गेल्याचं कळताच तिथल्या व्यावसायिकांच्या गटाने काही आठवड्यांत पोर्टलंडचं सदस्यत्व मिळवलं आणि थंडरबर्ड्स उभे केले. सहा वर्षांनी हा संघ काल्डर कपच्या अंतिम फेरीत होता. ग्लेन्स फॉल्स जेमतेम १४ हजार वस्तीचं. १९७९ पासून तिथे हॉकी आहे, हॉल पाच हजारांच्या आतला. फिलाडेल्फियाचा संघ अ‍ॅलनटाउनचा हॉल बांधून होईपर्यंत पाच वर्षं तिथे थांबून गेला, मग कॅलगरीचा एका मोसमात गेला, तरी ईसीएचएलचा थंडर आला आणि पुढे गावातल्या लोकांच्या गटानेच तो विकत घेतला. वूस्टरला मात्र दोन मोसम रिकामे काढावे लागले, २०१७ मध्ये ईसीएचएलचा रेलर्स संघ येईपर्यंत. ओक्लाहोमा सिटीला बदली संघ मिळाला नाही.

म्हणून तुमच्या शहरातल्या हॉलच्या मंडळाला आत्ताच दोन गोष्टी लेखी विचारा. पुढच्या ऑक्टोबर ते एप्रिलमधल्या शुक्रवार-शनिवारच्या तारखा ते कधीपर्यंत मोकळ्या ठेवणार आहेत, आणि उन्हाळ्यात शीतयंत्राच्या देखभालीचे पैसे अंदाजपत्रकात आहेत का. मैफलवाले फेब्रुवारीपासून शनिवार उचलायला लागतात. बदली संघ घेऊन येणारा मालक एप्रिलमध्ये हॉल बघायला येईल, तेव्हा तो हीच दोन कागदपत्रं आधी मागेल.